कड्यावरची कंपनी

मी आज जो काही आहे, त्यात सगळ्यात मोठा वाटा दाजींचा आहे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आईवडिलांचे उपकार असतातच, पण आईवडिलांनी मला पाड्यावरच्या शाळेत घातलं आणि सातवीनंतर या मुलाचं काय करायचं हे त्यांना माहीत नव्हतं. दाजींना माहीत होतं असंही नाही. ते स्वतः नववीत शाळा सोडून कंपनीला लागलेले. तरी एका उन्हाळ्यात ते चामटोलीच्या पुढे आमच्या पाड्यावर आले, जेवले, हात धुतले आणि माझ्या वडिलांना म्हणाले, "मामा, याला मी नेतो. शिकला तर शिकला, नाहीतर आणून सोडतो." त्यांनी मला आणून सोडलं नाही. मी बी. एस्सी. झालो, आमच्या पाड्यावरचा पहिला.

अंबरनाथ पूर्वेला चाळीत त्यांची एक खोली होती. त्या खोलीत ते, ताई, पुढे झालेली भाची आणि मी. मी अभ्यासाला बसलो की दाजी बाहेर ओट्यावर जाऊन बसत. शेजारी कोणी टेप मोठा लावला की तिथूनच ओरडत, "अरे, आवाज कम कर, आमच्याकडे कॉलेज चालू आहे!" मी तेव्हा आठवीत होतो. शाळेत पालक म्हणून सही करायला तेच येत. येताना लांब बाह्यांचा शर्ट घालत आणि सही झाली की हात लगेच खिशात घालत. त्यांची नखं रंगलेली असत.

दाजी एमआयडीसीतल्या रंगाच्या कंपनीत ऑपरेटर होते. कंपनीत कोणता माल चालू आहे हे त्यांच्या कानामागे बघितलं की आम्हाला कळायचं. पाळीवरून आले की ते आधी मोरीत शिरत आणि मोरीतून बाहेर जाणारं पाणी कधी पिवळं, कधी लाल, कधी जांभळट असे. ताईने त्यांच्या उशीला गडद निळा अभ्रा शिवला होता, कारण दुसरा कुठलाही चालत नव्हता. खोकला होता, पण खोकल्याबद्दल आमच्या चाळीत कोणी बोलत नसे. तो सगळ्यांनाच होता.

पुढचं समजण्यासाठी एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे रंगाचा अर्थ एकच होता. नाल्याचं पाणी लाल दिसलं की कोणीतरी सोडलं. रस्त्याकडेची माती पिवळी दिसली की कोणीतरी गोण्या रिकाम्या केल्या. पाड्यावर आमचा डोंगर काळा आणि माती काळपट, पावसात तेवढी हिरवी. त्याहून वेगळा रंग जमिनीवर किंवा पाण्यात दिसला, तर तो कुठल्यातरी पाइपातून आलेला असणार, याबद्दल मला कधी शंका आली नाही. हे मला कोणी शिकवलं नव्हतं. ते हवेतच होतं म्हणा.

उल्हासनगरच्या कॉलेजातून रसायन घेऊन मी पास झालो आणि त्याच वर्षी दिवाळीच्या सुमारास माझ्यापुढे दोन जागा आल्या. एक दाजींच्याच कंपनीच्या लॅबमध्ये, केमिस्टच्या हाताखाली. साहेबांनी दाजींना स्वतःहून सांगितलं होतं की तुझ्या मेव्हण्याला पाठव. दुसरी जागा दूर, रत्नागिरीच्या खालच्या अंगाला, समुद्राकाठच्या एका गावातल्या हायस्कुलात, विज्ञान शिक्षकाची. वर्तमानपत्रातली जाहिरात बघून अर्ज दाजींनीच मला करायला लावला होता.

ताईचं मत स्पष्ट होतं. "कंपनी घराजवळ आहे. लॅबमध्ये पंखा आहे. वर पांढरा कोट देतात. आणखी काय पाहिजे याला?"

"तो कोट चार दिवस पांढरा राहतो," दाजी म्हणाले.

"लॅबवाल्यांचा राहतो. तुम्ही रंगाच्या खात्यात काम करता."

"लॅबमध्ये काय अत्तर बनवतात? माल आमचाच जातो तिकडे." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "हे बघ, या घरात एक तरी माणूस असा पाहिजे की त्याने आंघोळ केली तर मोरीतून पाणी पाण्यासारखं गेलं पाहिजे. बास. मला दुसरं काही नको."

मला स्वतःला लॅब हवी होती. मित्र इथे, घर इथे, भाचीला माझ्याशिवाय चैन पडत नसे. पण दाजींनी माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं आणि हे एवढंच ते मागत होते. मी हो म्हणालो नाही, नाही म्हणालो नाही. शेवटी दाजींनीच ठरवलं, "आधी जाऊन बघू. जागा चांगली असली तर तू तिकडे राहायचं. नसली तर लॅब." उल्हासनगरच्या कॅम्पातल्या दुकानात त्यांनी मला मुलाखतीसाठी पँट घेऊन दिली. सिंधी दुकानदार म्हणाला, "साईं, जावई है क्या?" दाजी म्हणाले, "नहीं, मेव्हणा. जावयापेक्षा जड."

एसटीने आम्ही दिवसभराचा प्रवास करून गेलो. शाळेने आमची झोपायची सोय वर्गातच केली होती. सकाळी हेडसरांनी माझी कागदपत्रं पाहिली आणि नववीवर एक तास घ्यायला लावला. मागच्या बाकावर दाजी मुलांबरोबर बसले होते. मी फळ्यावर काय लिहिलं ते मला आठवत नाही, पण तास संपल्यावर हेडसर म्हणाले, "आम्हाला पसंत आहात. संध्याकाळी परतीची गाडी आहे, त्याआधी हो की नाही ते सांगा. नाही म्हणालात तर मला दुसऱ्या उमेदवाराला कळवावं लागेल." मग हसून म्हणाले, "तोवर समुद्र बघून या. मुंबईची माणसं आधी तेच करतात."

"आम्ही अंबरनाथचे," दाजी म्हणाले.

"तेच हो," हेडसर म्हणाले.

सुरूच्या झाडांमधून वाट खाली उतरत होती. समुद्र मी एकदाच, शाळेच्या सहलीत गिरगावला पाहिला होता. दाजींचंही तेवढंच. इथे वाळूवर माणूस नव्हता. ओहोटी होती. वाळू ओली, घट्ट आणि इतकी सपाट की आमच्या पावलांशिवाय तिच्यावर काही नव्हतं. दाजींनी चपला हातात घेतल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि थेट पाण्याकडे चालत गेले. मी त्यांना कधी नुसतं चालताना पाहिलं नव्हतं. ते नेहमी कुठेतरी जात असत.

"बीएस्सी," ते पाण्यात उभं राहून म्हणाले. चांगल्या मनःस्थितीत असले की ते मला अशी हाक मारत. "झालं. मला काही विचारू नको. इथेच राहायचं. ताईला मी समजावतो."

मी हसलो. माझ्याही मनात लॅब थोडी मागे सरकली होती. मग फोटो काढावा तसं त्यांना समुद्रासह बघावं म्हणून मी काही पावलं मागे सरकलो, वळलो आणि मला तो कडा दिसला.

आम्ही उतरलो ती वाट कड्याच्या बाजूने आली होती, त्यामुळे येताना तो पाठीमागे राहिला. आता तो पूर्ण समोर होता, किनाऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. वर काळपट तपकिरी दगड. त्याच्याखाली लाल, कुंकवासारखा नव्हे, त्याहून जुना लाल. मग पिवळा. पिवळ्यात मध्येच जांभळ्या रेघा. सगळ्यात खाली पांढरा, चुना ओतावा तसा. कड्याच्या पायथ्याशी पाणी झिरपत होतं आणि त्याचे लाल-पिवळे ओघळ वाळूवरून समुद्राकडे गेले होते.

आज कोणी मला तसा कडा दाखवला तर मी सुंदर म्हणेन. तेव्हा सुंदर हा शब्द मला सुचला नाही. मला आमचा नाला आठवला.

"दाजी," मी म्हणालो, "मागे बघा."

दाजी वळले. बराच वेळ बघत राहिले. मग पाण्यातून बाहेर आले आणि चपला घातल्या. चपला त्यांनी आधी घातल्या, हे मला स्पष्ट आठवतं.

"कुठली असेल?" ते म्हणाले.

"काय?"

"कंपनी रे. वर असणार. माल खाली सोडलाय."

मला ते लगेच पटलं. मी रसायनाचा पदवीधर होतो आणि मला ते लगेच पटलं. लोखंडाचं एक ऑक्साइड लाल असतं आणि पाणी धरलं की पिवळं दिसतं, हे मी परीक्षेत लिहिलं होतं. पण ते ऑक्साइड बाटलीत होतं. बाटलीवर चिठ्ठी होती. ते एवढं उंच असू शकतं हे पुस्तकात नव्हतं. तरी मी म्हणून पाहिलं, "दाजी, लोखंड असेल."

"मग लोखंडाची कंपनी असेल."

"मातीतलं लोखंड."

"मातीत कोणी टाकलं?"



थोड्या अंतरावर एक बाई वाकून ओल्या वाळूतून तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, उकरत होती. कंबरेला टोपली. दाजी तिच्याकडे गेले. मी मागोमाग.

"ताई, ही वर कंपनी कुठली आहे?"

तिने मान वर केली. "कंपनी? हितं कसली आली कंपनी?"

"मग हा रंग?"

"कसला रंग?"

दाजींनी कड्याकडे हात केला. तिने कड्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे. "तो डोंगर हाय आमचा. तसाच हाय तो."

"पहिल्यापासून?"

"माझ्या सासूच्या सासूपासून. तुमी मुंबयचे का?"

"अंबरनाथचे."

"तेच."

दाजी मला हळूच म्हणाले, "आपल्याकडेपण हेच सांगतात. काही नाही, पाणी पहिल्यापासून असंच आहे." मग तिला म्हणाले, "ते झिरपतं ते पाणी वापरता काय तुम्ही?"

"वापरतो म्हंजे? पितो. उन्हाळ्यात विहीर आटली की तिथनंच भरतो."

"हात बघू तुमचे."

ती एकदम सरळ उभी राहिली. "का? ज्योतिषी हाय काय तुमी?"

"नाही, नाही. नखं बघायची होती फक्त."

ती हसायला लागली. एवढी हसली की टोपलीतल्या तिसऱ्या खळखळल्या. "घरात बायको हाय ना? मग तिची बघा की!" पण तिने हात पुढे केले. तिच्या नखांच्या कडा लाल होत्या. दाजींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी खाली बघितलं.

"ते व्हय?" ती म्हणाली. "तुळशीचं लगीन हाय ना. वृंदावन रंगवलं काल, गेरूनं. तिथलीच माती हाय." तिने परत कड्याकडे बोट केलं.

ती पुन्हा कामाला लागली. तिच्यापासून लांब आल्यावर दाजी म्हणाले, "आपल्या चाळीतल्या बायका नखं रंगली की मेंदी सांगतात. हिने तुळस सांगितली."

"गेरू मातीतच असतो, दाजी."

"गेरू पुडीत असतो. मी बाजारात बघितलाय."

मलाही तो पुडीतलाच माहीत होता. गेरूचा डोंगर असतो, आणि त्याच्याखाली कोणी तिसऱ्या उकरत असतं, हे दोन्ही एकाच वेळी डोक्यात बसेना. एकदा मला वाटे, बाई खरं बोलते आहे, तिला खोटं बोलायचं कारण काय. लगेच वाटे, आमच्या नाल्याकाठच्या माणसांना तरी कुठे कारण असतं?

मग दाजींनी ते केलं जे ते रोज कंपनीत करत. रंग तयार होत असताना टाकीतला एक थेंब गाळणकागदावर टाकून बघायची पद्धत असते. थेंबाभोवती जे पाणी पसरतं ते रंगीत असेल तर माल अजून कच्चा. रंग मधोमध बसला आणि भोवती स्वच्छ पाण्याचं कडं उमटलं, तर माल झाला. याला ते स्पॉट मारणं म्हणत. कंपनीत दाजींच्या स्पॉटवर केमिस्टही विश्वास ठेवत.

त्यांनी खिशातून धुतलेला रुमाल काढला, पायथ्याशी गेले आणि बोटाला पाणी लागू न देता, एका शिंपल्यात तो ओघळ धरून रुमालावर एक थेंब टाकला. आम्ही दोघं वाकून बघत राहिलो. लाल गाळ मधोमध बसला. भोवती ओलं, स्वच्छ कडं पसरत गेलं.

"बघितलंस?" दाजी म्हणाले. "कच्चा नाही हा. हा तयार माल आहे."

पिवळ्या ओघळाचाही तोच निकाल आला.

मी त्या रुमालाकडे बघत होतो आणि मला तेव्हा म्हणता आलं नाही की माती कुठेही कापडावर टाकली तरी मधेच बसणार. ते मला सुचलंच नाही. दाजींचा स्पॉट कधी चुकत नसे, एवढंच मला माहीत होतं.

"चल वर," ते म्हणाले. "बघूनच जाऊ."

कड्याच्या कडेने गुरांची वाट होती. चढताना दाजींना दम लागत होता. ते थांबत, खोकत, पुन्हा चढत. मी हात दिला तर घेतला नाही. त्या चढावर माझ्या मनात काय चाललं होतं ते आज नीट सांगता येत नाही. वर कंपनी असावी असं मला वाटत होतं, कारण मग मी घरी गेलो असतो आणि कोणाचं मन मोडलं नसतं. आणि वर कंपनी नसावी असंही वाटत होतं, कारण दाजींचा चेहरा मला बघवत नव्हता.

वर काहीच नव्हतं.

म्हणजे सडा होता. सपाट, काळा, भोकाभोकांचा दगड, लांबवर पसरलेला. वाळत आलेलं गवत. दोन गाई. एका कोपऱ्यात वाकडं झाड. चिमणी नाही, पत्र्याची शेड नाही, कुंपण नाही, वॉचमन नाही. वारा इतका की शर्ट अंगाला चिकटत होता.

दाजी मधोमध उभे राहून चारी बाजूंना फिरले. हरवलेल्या माणसासारखे.

"पाइप जमिनीखालून आणला असेल," ते म्हणाले.

"कुठून, दाजी? गावच तेवढं आहे."

"तुला काय माहीत? आपल्याकडे नाही आणत?" मग म्हणाले, "वास घे."

"अं?"

"वास घे म्हणतो. माझं नाक गेलंय, मला पेट्रोलचापण वास येत नाही आता. तू घे."

ते मला माहीत नव्हतं. नाक गेलंय हे त्यांनी घरात कोणाला सांगितलं नव्हतं. मी डोळे मिटून श्वास घेतला. गवत, शेण, खारा वारा. पुन्हा घेतला.

"काही नाही, दाजी. खरंच नाही."

"नक्की?"

"नक्की."

ते माझ्याकडे बघत राहिले. "तुझंपण नाक अंबरनाथचंच," ते म्हणाले.

आणि मला खरोखर कळेना. मी तिसऱ्यांदा वास घेतला आणि या वेळी मला वाटलं की काहीतरी आहे, फार बारीक, लोखंडी, तुरट. मग वाटलं की तो माझ्याच शर्टाचा असेल. माझे कपडे त्यांच्या कपड्यांबरोबर एकाच पेटीत होते.

दाजी दगडावर बसले. समुद्र खाली निळा होता आणि त्याच्या काठाला लाल-पिवळी किनार दिसत होती. ते तिच्याकडे बघून म्हणाले, "नको. सांग त्यांना नाही म्हणून. लॅबमध्ये लाग. आपली कंपनी निदान ओळखीची आहे. कुठला माल कशात पडतो ते मला माहीत आहे, मी सांगत जाईन तुला हात कुठे घालायचा नाही. इथे तुला कोण सांगणार?"

इतके दिवस मला हेच हवं होतं. आता ते मिळालं तर आनंद व्हायला हवा होता. तो होईना. ज्या माणसाला घरात एकच गोष्ट हवी होती, तो ती गोष्ट माझ्यासमोर सोडून देत होता, आणि कशावरून, तर एका रुमालावरून. त्यांना चूक म्हणायला माझ्याकडे पुरावा नव्हता. बरोबर म्हणावं तर डोळ्यांसमोर दोन गाई चरत होत्या.

आम्ही शाळेत परत आलो. हेडसर चहा मागवून बसले होते. दाजींनी बोलायचं असं ठरलं होतं. पण हेडसरांनी "मग काय ठरलं?" असं विचारलं तेव्हा दाजी माझ्याकडे बघून म्हणाले, "त्याला विचारा. शिकलेला तो आहे."

मी म्हणालो, "सर, त्या कड्याला रंग कशामुळे आहे?"

हेडसरांचा कप हातात राहिला. "रंग? कुठला रंग?"

"लाल, पिवळा, जांभळा. पांढरापण आहे खाली."

त्यांनी आठवायचा प्रयत्न केला. त्यांचा जन्म त्या गावातला. "आहे का तसा? हो, असेल. कडा आहे हो तो. काय झालं त्याला?"

"वर काही कारखाना वगैरे..."

"कारखाना?" त्यांना वाटलं मी जोडधंद्याचं विचारतो आहे. "नाही, नाही, इकडे तसलं काही मिळायचं नाही. शाळा एके शाळा." मग आमचे दोघांचे चेहरे पाहून ते गोंधळले. "हे बघा, तुम्हाला आज ठरवता येत नसेल तर आठवडाभर राहून शिकवून बघा. तास तसेही रिकामे जातायत. मग सांगा."

मी दाजींकडे पाहिलं. ते चहाकडे बघत होते. मी म्हणालो, "राहतो, सर. आठवडाभर." हे मी का म्हणालो ते मला तेव्हाही कळलं नाही. नाही म्हणणं जास्त कठीण होतं की हो म्हणणं, हेही कळलं नाही.

गाडीत बसल्यावर दाजींनी खिडकीतून हात बाहेर काढून माझा हात धरला. "पाण्यात हात घालू नको. विहिरीचंपण उकळून पी. काही झालं तर तार कर, मी येतो."

"दाजी, तुम्ही रागावलात?"

"खुळा आहेस काय? मला कळत नाही म्हणून गप्प आहे," ते म्हणाले आणि गाडी सुटली.

तो आठवडा मी शाळा भरण्याआधी आणि सुटल्यावर रोज खाली जात होतो. सकाळी एक रंग दिसे, संध्याकाळी दुसरा. ओला असताना वेगळा, वाळला की वेगळा. शाळेच्या कपाटात लोखंडाच्या ऑक्साइडची बाटली सापडली, ती मी खिशात घालून किनाऱ्यावर नेली आणि कड्याजवळ धरली. थोडी जुळली, थोडी नाही. ती तिसऱ्यावाली बाई एकदा दिसली आणि दुरूनच दोन्ही हात वर करून तिने मला नखं दाखवली. मी हसलो. पण रात्री अंथरुणावर पुन्हा माझ्या डोक्यात पाइप येई. आठवडा संपला त्या दिवशी हेडसरांना उत्तर देऊन मी वर्गातच बसून दाजींना पत्र लिहिलं. त्याची कच्ची प्रत माझ्याकडे राहिली आहे, ती खाली देतो.

दाजी,

तुम्ही पोचल्याचं ताईचं कार्ड मिळालं. तुमच्या छातीचं कसं आहे ते तिने लिहिलं नाही, ते तुम्ही लिहा.

मी आज हेडसरांना हो म्हणून सांगितलं. तुम्ही शेवटी नको म्हणाला होता, म्हणून हे तुमच्या मनाविरुद्ध झालं. पण त्याआधी इतके दिवस तुम्ही हेच म्हणत होता, म्हणून मनासारखंही झालं. दोन्हींपैकी कोणतं ते मला ठरवता येत नाही. तुम्हीच ठरवा आणि जे असेल त्यासाठी मला रागवा किंवा नका रागवू.

कड्याचं मला अजून पूर्ण कळलेलं नाही. लाल आणि पिवळं लोखंडामुळे असावं असं वाटतं. जांभळ्याचं सांगता येत नाही. पांढऱ्याचं तर मुळीच नाही. इथे विचारायची सोय नाही, कारण इथल्या माणसांना तो रंग दिसतच नाही. मी रत्नागिरीला गेलो की एखाद्या भूगोलाच्या प्राध्यापकांना गाठून विचारीन. कंपनी मी शोधली. सड्याच्या पलीकडच्या टोकापर्यंत चालत गेलो. मला सापडली नाही. नाहीच आहे असं शपथेवर सांगण्याएवढं मी बघितलेलं नाही.

तुम्ही नको म्हणाला होता तरी काल मी ते झिरपणारं पाणी ओंजळीत घेऊन प्यायलो. तुमचा शब्द मोडला. ठरवायचं तर मला स्वतः प्यायला हवं होतं, दुसऱ्याच्या सांगण्यावर किती दिवस राहणार? चव लोखंडाची वाटली, मग वाटलं की आपल्याला तसं वाटतं आहे. आज तब्येत बरी आहे. तास घेतले.

लॅबच्या साहेबांना माझा नमस्कार कळवा आणि ती जागा चाळीतल्या दुसऱ्या कोणाला मिळाली तर बघा. पण ज्याला मिळेल त्याला तुम्ही सगळं सांगा, मला सांगणार होता तसं.

आता मागणं एकच. कंपनीतून सुट्टी काढून तुम्ही इकडे या, महिनाभर तरी राहा. ताई आणि भाचीसुद्धा. डॉक्टर इथे एकच आहे, पण वारा पुष्कळ आहे. मी खोली बघतो आहे. तुम्हाला वास येत नाही हे ताईला मी लिहिलेलं नाही, पण तुम्ही तिला सांगा. त्याचं काय करायचं ते आपण इथे बसून ठरवू. मला काही सुचत नाही, तुम्हालाही सुचत नसेल, पण निदान दोघं एका ठिकाणी असू.

आंघोळीचं पाणी रोज बघतो. स्वच्छ जातं.

तुमचाच.